टोपणनावांच्या बाजारात नाण्यांचं दुकान : आमची वाटचाल

आमचा धंदा जुन्या नाण्यांचा. वडिलांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारात सुरू केला. बुधवारी आणि रविवारी जमिनीवर सतरंजी अंथरायची आणि तिच्यावर शिवराया (शिवकाळापासूनची तांब्याची नाणी), कंपनी सरकारचे पैसे, राणीछाप रुपये, संस्थानी नाणी असे ढीग मांडायचे. पुढे रविवार पेठेत गाळा मिळाला, काचेचं कपाट आलं, भिंग आलं, सोनाराचा तराजू आला.

जुन्या बाजारात लबाडी नव्हती असं म्हणणारा माणूस तिथे कधी बसलेला नसणार. कालपरवा पाडलेलं तांब्याचं नाणं गंजवून ‘वाड्याचा पाया खणताना सापडलं’ म्हणून खपवणारे तेव्हाही होते. पण त्या माणसाला पुढच्या रविवारी त्याच जागी बसायचं असायचं. त्याचं गाव कुठलं, त्याचा मेव्हणा कुठे कामाला आहे, हे आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक. चार लोक जमले, आवाज चढला की पैसे परत मिळत. खोटेपणाला लगाम होता तो त्या जागेचा.

पुढे फेसबुकचे ग्रुप आले आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅपवरच्या बोली. सकाळी नाण्याचा फोटो टाकायचा, रात्री नऊला बोली बंद आणि शेवटच्या पाच मिनिटांत खरी मारामारी. मला हे आवडलं, अजूनही आवडतं. नांदेडचा मुलगा आणि मडगावचे निवृत्त पोस्टमास्तर दोन आडव्या रेघा असलेल्या एकाच दुदांडी शिवराईसाठी भांडताहेत, हे सतरंजीवर कधी घडलं नसतं. २०२०च्या टाळेबंदीत दुकानाचं शटर खाली होतं, तेव्हा घर चाललं ते या बोलींवरच. पण त्याच काळात ग्रुपमध्ये अशी नावं वाढली ज्यांना गाव नाही, चेहरा नाही. नावात ‘रॉयल’, ‘हेरिटेज’ किंवा ‘किंग’ मात्र हमखास. प्रोफाइलच्या फोटोत सिंह.

आम्ही सावध झालो ते १९३९च्या रुपयामुळे. सहाव्या जॉर्जचा १९३८चा रुपया सहज मिळतो, १९३९चा चांदीचा रुपया मात्र फार दुर्मीळ. १९४०पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आली, त्यामुळे जुन्या चांदीचा हा शेवटचा रुपया म्हणून त्याची मागणी आणखी वाढते. साहजिकच १९३८मधल्या आठाचा नऊ करणं हा जुना उद्योग आहे. भिंगाखाली पाहिलं तर आकड्याभोवतीची जागा बाकी पृष्ठभागापेक्षा वेगळी, घासलेली दिसते. दुसरा प्रकार अख्खं नाणंच ओतून काढण्याचा. खऱ्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, व्यास ३०.५ मिलिमीटर. चांदीपेक्षा हलका धातू वापरला तर वजन कमी भरतं, आणि वजन जुळवायला गेलं तर जाडी वाढते. दोन्ही बाजू कितीही सुबक असोत, कडेकडे पाहिलं की चोरी सापडते. म्हणूनच बनावट मालाच्या फोटोत कड कधी दिसत नाही.

तर असा एक रुपया एका ग्रुपमध्ये बोलीला आला. तीन नावांनी भाव चढवत नेला आणि त्यातल्या एकाने तो जिंकला. आठवड्याभरात दोन नंबरच्या बोलीदाराला निरोप आला, ‘जिंकणाऱ्याच्या घरी अडचण झाली, तुमच्या बोलीला तुम्हाला देतो, पण पैसे आजच पाठवा.’ हे बोलीदार म्हणजे आमचे साताऱ्याकडचे जुने गिऱ्हाईक, पेशाने मास्तर. पैसे पाठवण्याआधी त्यांनी मला फोटो दाखवला. राजाच्या कानाखाली एक बारीक टवका होता. तोच टवका असलेला रुपया काही महिन्यांपूर्वी दुसऱ्याच नावाने, ‘इंदूरच्या सरदार घराण्यातला’ म्हणून, विकायला आलेला मी पाहिला होता. खालचं मरून मखमली कापडही तेच. यूपीआयवर नाव उमटत होतं ते तिसरंच. मी म्हटलं, मास्तर, कडेचा फोटो मागा आणि तराजूवर ठेवून व्हिडिओ मागा. मागितला, आणि ते खातं त्यांना ब्लॉक करून मोकळं झालं.

बोलीतला विक्रेता, आधीचा ‘इंदूर’वाला आणि यूपीआयवरचा, ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. दोघं भाऊ असतील, किंवा एकमेकांचा माल फिरवणारे तीन दलाल असतील. नाणं मात्र एकच होतं, आणि तेवढं मी छातीठोकपणे सांगू शकत होतो.

आपल्याच मालावर आपणच दुसऱ्या नावाने बोली लावायची, ही युक्ती इंटरनेटवर आली त्यालाही पाव शतक झालं. २००० साली अमेरिकेत ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर एक अमूर्त चित्र २५ सेंटपासून बोलीला लागलं. कोपऱ्यात ‘आरडी ५२’ अशी खूण होती, म्हणजे चित्रकार नामवंत रिचर्ड डीबेनकॉर्न असावा असं पाहणाऱ्याने आपणच समजून घ्यायचं. विक्रेत्याने चित्रकाराचं नाव घेतलंच नव्हतं. लबाडीतलं हे कसब मान्य केलं पाहिजे. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. मग उघड झालं की सॅक्रॅमेंटोचा वकील केनेथ वॉल्टन आणि त्याचे दोन साथीदार चाळीसहून अधिक खात्यांवरून एकमेकांच्या मालावर बोली लावत होते. २००१मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं गेलं. खात्यांची नोंद ईबेकडे होती म्हणून ते सापडले. व्हॉट्सअॅपच्या बोलीत अशी नोंद कोण ठेवतो? अॅडमिन? तो बिचारा स्वतःच नाणी विकण्यात गुंतलेला.

एकदा तर आमच्याच दुकानाच्या पाटीचा फोटो लावून कोणीतरी खातं काढलं आणि नव्या संग्राहकांकडून ‘बुकिंग’चे पैसे घ्यायला सुरुवात केली. आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, पाठपुरावा केला, खातं बंद झालं. दुसऱ्याचं रूप घेऊन संगणकाच्या मदतीने फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्यांचे पैसे गेले असतील त्यांना आम्ही आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवायला सांगतो, रडगाणं नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तरच ते अडकवता येतात.

पण आमच्या गाळ्यात सगळ्यांत जास्त येतात ते संग्राहक नसलेले लोक. वैष्णोदेवीचं २०१२चं पाच रुपयांचं नाणं, नाहीतर ७८६ आकड्याची नोट घेऊन ते येतात. कोणा ‘अधिकाऱ्या’ने त्यांना लाखांचा भाव सांगितलेला असतो आणि त्याआधी फाइल चार्ज, जीएसटी असं काहीबाही भरायला लावलेलं असतं. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह सर्रास वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये निवेदन काढून स्पष्ट केलं की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यांसाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान आणि १८१८ साल असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ तर दर महिन्याला येतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते तांदूळ ओढून घेतं, असंही वर सांगितलेलं असतं. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते.

या सगळ्यातून आमच्या कामाची पद्धत बदलली. आम्ही नाण्यांची वही सुरू केली; आहे संगणकावर, पण म्हणतो वहीच. बोलीत दिसलेलं प्रत्येक बऱ्यापैकी महागडं नाणं तिच्यात जातं : टवके, ओरखडे, कुठल्या नावाने कधी आलं, किती भाव सांगितला, मागचं कापड कुठलं. विक्रेता नाव सहज बदलतो, टवका बदलणं अवघड. आमच्या स्वतःच्या बोलीत विक्रेत्याची खरी ओळख आमच्याकडे जमा असते, वजन, व्यास आणि कड दाखवल्याशिवाय माल लागत नाही, आणि बनावट निघालं तर पैसे परत. यामुळे माल कमी झाला हे खरं. काही मोठे विक्रेते ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणत निघून गेले.

पुतण्या आता दुकानात बसतो. त्याचं म्हणणं, वहीतली संशयित नावं जाहीर करून टाकावीत. मला ते पटत नाही. टोपणनाव घेणं हा गुन्हा नव्हे. घरात सोन्याची मोहोर असलेला माणूस नाव, गाव, पत्ता कशाला सांगेल? आमचे कितीतरी सज्जन गिऱ्हाईक टोपणनावानेच बोली लावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे पाठवतात. आणि ग्रुपवर ‘हाच तो चोर’ म्हणणारे संदेश फिरतात तेव्हा त्यांतले निम्मे धंद्यातल्या जुन्या भांडणांचे असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुतण्या मला भित्रा म्हणतो. असेन. तूर्त वही बंद आहे, पण ती कुलपात नाही. कुठलंही नाणं ताडून पाहायला आम्ही पैसे घेत नाही, मग ते आमच्याकडून घेतलेलं असो वा नसो. यायचं तर नाणं घेऊन या. ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि तराजूवर ठेवलेला, असे फोटो पाठवा. नुसत्या राजाच्या तोंडाकडे पाहून आम्ही मत देत नाही.