अलाइनमेंटचा रकाना आधी रिकामा सोडा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर (पात्र) घेऊन, डाइस टाकत गोष्ट खेळायचा खेळ. नवीन पोरगं टेबलावर आलं की कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, भरताना क्लास (पात्राचा पेशा), स्टॅट्स (त्याचे आकडे), हत्यारं सगळं पटापट उरकतं आणि अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्र नीतीनं कुठल्या बाजूचं याच्या, रकान्यापाशी पेन अडतं. मग विचारणार, दादा इथं काय लिहू, पॅलडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) आहे म्हणजे लॉफुल गुडच (शिस्तीचा आणि भला) ना? आमचा खेळ रविवारी संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेत एका मेंबरच्या घरी असतो, मधे चहा आणि भडंग, कडेनं डाइस आणि शीटचे कागद, डीएम (गोष्ट चालवणारा) बहुतेक वेळा मीच, आणि माझं उत्तर ठरलेलंय, काय लिहू नको. चारपाच सेशन (बैठका) खेळ, मग सगळे मिळून लिहू.

म्हणजे मला अलाइनमेंट नकोय असं नाही हां. बरेच जण आता म्हणतात हा प्रकार जुना झाला, काढून टाका, ते मला अजिबात पटत नाही. आपलं कॅरेक्टर कुणाच्या बाजूचं, कशासाठी जीव टाकणार आणि कुठं पाठ फिरवणार हा प्रश्नच खेळातनं काढला तर मागं नुसती मारामारी आणि खजिना उरतो. माझं म्हणणं एवढंच की खेळायच्या आधीच अलाइनमेंट ठरवणं म्हणजे पोराच्या बारशालाच पत्रिका बघून त्याचा स्वभाव कायमचा लिहून टाकणं. कॅरेक्टर कसं आहे ते वेळ आल्यावर कळतं.

आणि अलाइनमेंटचा नऊ खान्यांचा तक्ता, एका बाजूला लॉफुल-न्यूट्रल-केऑटिक, दुसऱ्या बाजूला गुड-न्यूट्रल-इव्हिल, काय पहिल्यापासनं नव्हता. 1974 ला गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा तीनच गोष्टी होत्या, लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (अधलंमधलं) आणि केऑस (बेबंदपणा), आणि त्या स्वभावापेक्षा युद्धातल्या बाजू जास्त होत्या, तू कुणाकडनं लढणार एवढंच. 1976 ला गायगॅक्सनं लेख लिहून त्याला गुड-इव्हिलची दुसरी रेघ जोडली, 1977 च्या बेसिक सेटमधे पाच प्रकार झाले आणि 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात नऊ. पुढं 2008 च्या चौथ्या एडिशननं परत पाचवर आणलं, त्यात अनअलाइन्ड (कुठल्याच बाजूचा नाही) म्हणून एक, आणि 2014 ला परत नऊ. म्हणजे ज्यांनी हा खेळ बनवला तेच सारखं बदलत आलेत, मग आपण आपल्या टेबलावर थोडं बदललं तर काय बिघडलं.

मी पोरांना दोन प्रश्न देतो. पहिला लॉ-केऑसचा. अडचण आली की तुझं कॅरेक्टर भरवसा कशावर ठेवतं, ठरलेल्या पद्धतीवर, दिलेल्या शब्दावर, चारचौघांनी मिळून केलेल्या नियमावर, का त्या क्षणी स्वतःला जे बरोबर वाटतं त्यावर? दुसरा गुड-इव्हिलचा. किंमत कोण मोजतं? अनोळखी माणसासाठी स्वतः झळ सोसतो तो गुड, स्वतःच्या फायद्याची झळ दुसऱ्याला सोसायला लावतो तो इव्हिल, आणि न्यूट्रल माणूस निष्पापाला मारणार नाही पण झळ सोसंल ती फक्त आपल्या माणसांसाठी. हे काय मी हवेतनं काढलेलं नाही, 2000 सालच्या तिसऱ्या एडिशनमधे न्यूट्रलबद्दल जवळपास असंच लिहिलंय की हा माणूस दुसऱ्याशी बांधला जातो तो ओळखीनं आणि नात्यानं. मला ती व्याख्या सगळ्यात खरी वाटते, कारण आपल्या आसपासची बहुतेक माणसं अशीच असतात आणि त्यात वाईट काही नाही.

लॉफुल म्हणजे सरकारचं ऐकणारा, ही समजूत मात्र मी लगेच खोडतो, आणि त्यासाठी लांब जायला लागत नाही. आपल्याच भागातलं प्रतिसरकार घ्या. 1943 ते 1946, तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आत्ताचा सांगलीचा बराच भाग पण त्यातच, क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलला जी. डी. बापू लाड आणि तुफान सेना हे त्यांचं लढाऊ दल. 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, 1944 ला धुळ्याचा खजिना लुटला. इंग्रजांच्या कागदावर हे सगळे कायदा मोडणारे. पण त्याच लोकांनी गावोगावी न्यायदान मंडळं चालवली, भांडणं मिटवली, सावकारांना आणि गुंडांना वचक बसवला, कमी खर्चात लग्नं लावली. परक्याचा कायदा मोडून स्वतःची शिस्त उभी केली. खऱ्या माणसांना, त्यातही असल्या माणसांना, मी खेळाच्या खान्यात बसवणार नाही, तेवढा मान ठेवायलाच पाहिजे. पण एवढं एक उदाहरण डोळ्यासमोर असलं की जुलमी राजाचं राज्य उलथवायला निघालेलं कॅरेक्टर पूर्ण लॉफुल असू शकतं हे पोरांना पटकन कळतं. आमच्यात एकाचं आजोळ कुंडलचं, त्यानं असंच एक कॅरेक्टर केलंय, राजाचा करवसुलीवाला पळवून लावणारी आणि त्याच रात्री पारावर बसून बांधाच्या भांडणाचा निवाडा करणारी बाई. दोन्हीकडचं ऐकल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, आणि निकाल स्वतःच्या सख्ख्या भावाविरुद्ध गेला तरी तिनं तो फिरवला नाही. ह्याच्यापेक्षा लॉफुल अजून काय पाहिजे?

किंमतीचा प्रश्न तपासायला मी एक प्रसंग लावलेला, तो सविस्तर सांगतो कारण सगळं त्यातच आलं. ऐन पावसाळा, राजाचं धरण, राजाच्या हुकमाशिवाय दरवाजे उघडायचे नाहीत ही राखणदाराची शपथ. वरच्या अंगाला पाणी फुगत चाललेलं आणि तिथं मोठं शहर, दरवाजे उघडले तर शहर वाचतं पण खालच्या वाड्या रात्रीत पाण्याखाली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटाला गेलं की इशारा आणि 45 ला धोका हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं, 2019 चा पूर सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं मी नुसतं पाणी चढतंय म्हटलं आणि टेबल गप्प झालं.

फायटरवाल्यानं (लढवय्याचं पात्र खेळणाऱ्यानं) स्वतःला पहिल्यापासनं लॉफुल गुड धरलेलं. त्यानं राजाकडं घोडेस्वार पाठवला आणि हुकूम येईपर्यंत दाराला हात लावणार नाही म्हणून राखणदाराशेजारी उभा राहिला, पाणी चढत असताना पण. विझर्डच्या (जादूगाराच्या) गुरूचं घर वरच्या शहरात, त्याला दुसरं काही सुचेना, उघडा म्हणजे उघडा. क्लेरिक (पुजारीण) कुणाशी वाद न घालता खाली वाड्यांत गेली माणसं हलवायला. आणि जो थीफ (चोर), ज्याला आम्ही सगळे केऑटिक न्यूट्रल (मनाला येईल तसं वागणारा) म्हणायचो, सारखं खिसे कापायचा, त्यानं आधीच्या मोहिमेतला सगळा खजिना ठेवलेली आपली नाव रिकामी केली, खजिना अक्षरशः काठावर टाकून दिला, आणि रात्रभर वाड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खेपा केल्या. मग पहाटे येऊन त्यानंच दाराचं कुलूप फोडलं.

त्या रात्री आम्ही अलाइनमेंट लिहायला बसलो. थीफ केऑटिक गुड, यावर एकाचंही दुमत नाही. विझर्ड न्यूट्रल, त्यालाही मान्य. क्लेरिक न्यूट्रल गुड, कारण हुकूम आहे का नाही हा प्रश्नच तिच्या डोक्यात आला नाही. फायटरवर मात्र चहाचे दोन राउंड झाले. तो म्हणाला मी शब्द पाळला, क्लेरिकवाली म्हणाली पाळलास रे, पण त्या शब्दाची किंमत वाड्यांतली आणि शहरातली माणसं मोजत होती, तू नाही. शेवटी त्यानं स्वतःच लॉफुल न्यूट्रल लिहिलं, आणि तेव्हापासनं ते कॅरेक्टर लई भारी खेळतोय, कारण आता त्याला काहीतरी फेडायचंय. हे सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) कागदावर आलं असतं का? कधीच नाही.

केऑटिक न्यूट्रलबद्दल एक बोलतो. पार्टीतल्याच (आपल्याच टोळीतल्या) माणसाची चोरी करायची, दुकानदाराला उगाच भोसकायचं आणि वर म्हणायचं माझं कॅरेक्टर असंच आहे, हे मी चालू देत नाही. नियमात कुठंच नाही की अलाइनमेंट तुझ्या हाताला धरून काही करायला लावते. कॅरेक्टर तू चालवतोस, बाकीचे चारजण पण त्यांचा रविवार घालवून आलेत.

अलाइनमेंट बदलली तर काय, हे पण विचारतात. जुन्या ॲडव्हान्स्ड एडिशनमधे बदलली की एक लेव्हल (पात्रानं कमावलेली पायरी) जायची, पॅलडिन तर लॉफुल गुडच पाहिजे, ढळला की पॅलडिनपण गेलं. 2008 पासनं पॅलडिनला ती लॉफुल गुडची अट नाही, आणि 2014 पासनं त्याची शपथ महत्त्वाची, आणि ते मला जास्त आवडतं. लेव्हल कापायच्या मी विरोधात आहे. माणूस बदलला तर गोष्ट पुढं सरकली, त्याला शिक्षा कशाला? फक्त बदल टेबलासमोर झाला पाहिजे, शीटवर गुपचूप खोडून नाही. पाथफाइंडर ह्या डी अँड डीसारख्याच दुसऱ्या खेळवाल्यांनी तर 2023 च्या रीमास्टरमधे (सुधारलेल्या आवृत्तीत) अलाइनमेंटच काढली, तिथं आता ह्या गोष्टी करायच्या आणि ह्या कधीच करायच्या नाहीत अशा दोन याद्या असतात. अलाइनमेंट न काढता त्या याद्या डी अँड डीच्या शीटमागं लिहायला लावल्या तर लई उपयोग होतो, आमच्यात आता सगळेच लिहितात.

वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) असला तर हे सगळं बाजूला ठेवा. तीन तासात कॅरेक्टर उलगडायला वेळ नसतो, तिथं मी शीट भरूनच देतो, अलाइनमेंटसकट, आणि शेजारी एक ओळ लिहितो की हा माणूस कुणासाठी काय सोडंल. नवीन माणसाला तेवढ्यावर लगेच खेळता येतं.