छत्री मिटा की!

गेल्या मे महिन्यात दोन दिवस आजोळी गेलो होतो. आजोळ कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. दुपारची जेवणं झाल्यावर मामा म्हणाला, "मॅचला येतोस न्हवं?" तो प्रश्न नव्हताच, कारण म्हणेपर्यंत त्याच्या पायात चपला होत्या. मामीनं आभाळाकडं एकदा बघून माझ्या हातात छत्री दिली. काळी, लांब दांड्याची, आजोबांच्या वेळची वाटावी अशी. मामानं मागच्या दारातनं युरियाचं रिकामं पोतं काढलं, घडी घातली आणि काखेत मारलं. मला वाटलं, बसायला असेल.

बाहेरच्या माणसाला पटवताना माझी नेहमी दमछाक होते, पण आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. जिथं लाल मातीत कुस्ती व्हायची, त्याच तालमीच्या नावानं पोरं फुटबॉल खेळतात आणि त्यांच्यामागं अख्खी पेठ उभी राहते. हंगाम सुरू होतो थंडीत. स्पर्धा रंगात येता येता उन्हाळा येतो आणि उन्हाळ्यामागनं वळीव. कोलकात्याचं उलटं. तिथला फुटबॉल मुळातच पावसाळ्यातला. मोहन बागानच्या पोरांनी, एकजण सोडून बाकी सगळ्यांनी अनवाणी खेळून, गोऱ्या पलटणीला हरवलं ती तारीखसुद्धा २९ जुलै १९११, म्हणजे ऐन पावसाळा. आमच्याकडं पाऊस हा आगंतुक पाहुणा. येतो तो नेमका मॅचच्या वेळेला.

शाहू स्टेडियमवर आम्ही उघड्या बाजूला पायऱ्यांवर बसलो. पहिला अर्धा तास भाजून निघालो. मग पन्हाळ्याकडचं आभाळ एकदम काळवंडलं, वारा सुटला, शेंगांची टरफलं आणि कागदाचे पुडे गरगरत वर गेले. पाठोपाठ टपोरे थेंब. तापलेल्या सिमेंटवर पहिले दोन-तीन पडतात तेव्हा चर्र असा आवाज येतो, असं मी अजूनही शपथेवर सांगेन. मामा म्हणतो, तुझा भास आहे.

मी छत्री उघडली. पुरती उघडायच्या आतच मागनं आवाज आला, "ओ पाव्हणं, छत्री मिटा की!" त्यामागनं दुसरा, "आम्ही काय छत्रीचं कापड बघायला आलोय व्हय?" मी मिटली. आजूबाजूला बघितलं तर निम्म्या लोकांकडं छत्र्या होत्या आणि सगळ्यांनी त्या काठीसारख्या गुडघ्यात धरल्या होत्या. मामानं तेवढ्यात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून खोळ केली आणि डोक्यावर घेतली. खोळ डोक्याएवढीच उंच, मागच्याला आड येत नाही. ही अक्कल शिकवून येत नसावी.

क्रिकेटची एक गोष्ट मला आवडते. पाऊस आला की खेळ थांबतो, आणि प्रेक्षकाला आडोशाला पळायची परवानगी आपोआप मिळते. फुटबॉलला ही दयामाया नाही. चेंडू उडतोय, घरंगळतोय आणि विजा कडाडत नाहीत तोवर पंच शिट्टी मारून थांबवत नाहीत. आमच्याही पंचांनी एकदा चेंडू हातातनं सोडून बघितला. तो कसाबसा गुडघाभर उसळला. चालू! वर्ल्डकपसुद्धा असाच झालाय. १९७४ साली फ्रँकफर्टला पश्चिम जर्मनी आणि पोलंडच्या सामन्याआधी एवढा पाऊस झाला, की अग्निशमन दलाला पाणी उपसायला बोलवावं लागलं. तरी सामना झालाच. पोलंडचे खेळाडू वाऱ्यासारखे पळणारे. त्यांना जिंकणं भाग होतं, जर्मनीला बरोबरीही चालणार होती. चिखलानं पोलंडचा वेग खाल्ला, गेर्ड म्यूलरनं एकच गोल केला आणि जर्मनी अंतिम फेरीत गेली. पोलंडचे लोक त्या पावसाला काय म्हणत असतील, हे आमच्या पेठेतल्या कुणालाही विचारा. नेमका शब्द मिळेल, छापता येणार नाही.

आमच्या मैदानावर गोलपोस्टापुढं गवत गेलेलं होतं, तिथं थाळीएवढं डबकं साचलं. दुसरा हाफ सुरू होऊन बराच वेळ झाला तरी शून्य-शून्यच. पोरं चेंडू एकीकडं मारत होती आणि तो भलतीकडंच थांबत होता. एकजण घसरत थेट रेषेबाहेर गेला, उठला तेव्हा त्याच्या पाठीवरचा नंबर वाचता येत नव्हता. माझा चष्मा धुक्यातल्या काचेसारखा झाला होता. शर्टाला पुसावा तर शर्ट ओला, रुमाल ओला. शेवटी आठवलं, छत्रीच्या आतल्या घडीत कापड कोरडं असणार. मी चष्मा काढला, घडीत बोट घालून काच पुसायला लागलो.

आणि स्टेडियम उसळलं.

मामानं मला मिठी मारली, पोत्यासकट. "बघितलास काय? बघितलास?" मी नुसता धूसर रंग बघितला होता. हो म्हणालो. तसं म्हणणं फार महागात पडलं, कारण मग चहाच्या गाड्यावर तिघांनी तो गोल तीन तऱ्हांनी सांगितला आणि प्रत्येकानं माझ्याकडं साक्ष मागितली. एकाच्या मते बॅकनं गोलीकडं दिलेला पास डबक्यात अडकला आणि आमच्या पोरानं तो उचलला. दुसऱ्याच्या मते पोरानं डबकं आधीच हेरून ठेवलेलं. मामा म्हणाला, "डबकं-बिबकं काय न्हाई. शॉटच तसा होता." मी तिघांनाही मान डोलावली.

घरी पोचलो तेव्हा दोघांच्या अंगातनं पाणी निथळत होतं. बूट सोडून मी त्यात पेपरचे बोळे कोंबत बसलो. मामीनं माझ्या हातातली छत्री वाळत घालायला घेतली, उघडली आणि कापडावरनं हात फिरवला.

"ही कोरडीच हाय की रं," ती म्हणाली. "निस्ती फिरवून आणलीस व्हय?"