ब्रेक ऑइलने थांबवलेली गळती

गणपतीच्या आठवड्यात मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची चिपळूणच्या गॅरेजांत रीघ लागते. बहुतेक कामं क्लचची, ब्रेकची, तापलेल्या इंजिनांची. ही गाडी परशुराम घाट उतरताना स्टेअरिंग जड झालं म्हणून आली. २००३ सालची पेट्रोल सेडान, पॉवर स्टेअरिंगचा तेलाचा पंप बेल्टवर चालणारा. गाडीचे मालक, एक काका, म्हणाले, "पंप ओरडतोय, आणि वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतंय."

बॉनेट उघडलं तर पंपाच्या पुलीमागे ओलं, बेल्टवर तेल उडालेलं. तेल परत आणणारा रिटर्न पाइप स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीपाशी बोटाने दाबला तर कणकेसारखा दबला. गाडी पिटवर घेऊन रॅकचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या नळीचे, दोन्ही टोकांचे रबरी बूट पिळले, दोन्हींतून तेल आलं. बुटांचं एक सांगायला हवं. दोन्ही बूट हवेच्या बारीक नळीने जोडलेले असतील, तर एका टोकाच्या सीलचं तेल दुसऱ्या बुटातही जाऊन साचतं. म्हणजे दोन्ही बूट भरले म्हणून दोन्ही सील गेली, असं लगेच धरायचं नाही. पण इथे पंप, पाइप आणि रॅक तिन्ही एकदम गळत होते. जुन्या गाडीत एक सील जातं, फार तर दोन. सगळंच एका महिन्यात गेलं, की मी आधी तेल तपासतो.

टाकीतून सिरिंजने थोडं तेल ओढून काचेच्या बाटलीत ठेवलं. या गाडीला स्टेअरिंगसाठी लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं, टाकीच्या झाकणावर तसं लिहिलंय. बाटलीतलं तेल मात्र तपकिरी, गढूळ. पाण्याने भरलेल्या ग्लासात त्याचे चार थेंब सोडले. एटीएफ पाण्यात मिसळत नाही, वर गोळे होऊन तरंगतं. इथे लाल गोळे वर राहिले आणि त्यांच्यातून पिवळसर दोऱ्या सुटून खाली पाण्यात विरघळल्या. पाण्यात विरघळतं ते ब्रेक ऑइल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतही दोन थर झाले होते: लाल वर, पिवळं खाली. ब्रेक ऑइल पाण्यापेक्षा किंचित जड असतं आणि एटीएफ हलकं, म्हणून हे असं वेगळं होतं.

विचारलं तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. दीड महिन्यापूर्वी पार्किंगमध्ये थेंब पडायला लागले. कुणीतरी सल्ला दिला, "रॅक उतरवायची गरज नाही, थोडं ब्रेक ऑइल टाका, सील फुगतं आणि गळती बंद होते." टाकलं, आणि खरंच बंद झाली. पंधरा दिवस थेंब नाही. म्हणून पुन्हा टाकलं.

हा उपाय बऱ्याच ठिकाणी चालतो, आणि तो सुरुवातीला लागू पडतो हीच त्याची अडचण. एटीएफवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगमधलं रबर बहुतांशी नायट्राइल जातीचं असतं. ते खनिज तेलात टिकतं. ब्रेक ऑइलचा पाया ग्लायकॉलचा. तो या रबरात शिरला की रबर फुगतं आणि झिजलेलं सील काही दिवस घट्ट बसतं. मग तेच रबर मऊ पडतं, चिकट होतं, त्याची धार फाटते. आणि तेल काही एका सीलपाशी थांबत नाही, साधारण लिटरभर तेल सतत सगळीकडे फिरत असतं. एका जागेसाठी दिलेलं औषध प्रत्येक ओ-रिंगला (सांध्यातल्या गोल रबरी कडीला) आणि पाइपच्या आतल्या थराला पोचतं.

लगेच ब्रेकची टाकीही तपासली. तिथे उलटी चूक झाली असती तर फार वाईट. ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं, त्याला खनिज तेल मुळीच चालत नाही. एटीएफचा लागलेला फनेल ब्रेकच्या टाकीला लावला तरी मास्टर सिलिंडरची सील फुगू शकतात, ब्रेक अडकतात. तिथलं तेल स्वच्छ निघालं.

काकांना सांगितलं, गाडी इथेच राहील, गुहागरला तुम्ही दुसऱ्या गाडीने जा. पंप बंद पडला तरी चाकं वळतात, फक्त ताकद लागते, पण कोरडा पंप आतून खरवडतो आणि त्याचा चुरा रॅकमध्ये जातो. शिवाय उडणारं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

नुसतं तेल बदलून भागणार नव्हतं. ग्लायकॉल एटीएफमध्ये विरघळत नाही, तो कोपऱ्यांत बसून राहतो, आणि रबरात मुरलेला तर निघतच नाही. म्हणून रबर तेवढं सगळं बदलायचं ठरवलं: पंपाचं सील किट, रॅकचं सील किट, सक्शन आणि रिटर्न पाइप, प्रेशर पाइप, टाकी आणि बेल्ट. टाकी का, तर तिच्या तळाची जाळी आतच बसवलेली असते आणि ती रबराच्या काळ्या गाळाने बुजली होती. जाळी बुजली की तेल परतायला अडतं, फेस होतो. पंप ओरडत होता तो बराचसा या फेसामुळे.

रॅक उतरवण्याआधी चाकं सरळ करून स्टेअरिंग बांधून ठेवलं. ज्या गाडीत एअरबॅग असते तिथे हे विसरलं तर स्टेअरिंग मोकळं फिरून एअरबॅगची जोडणी नेणारी आतली फिरती पट्टी तुटते. कॉलमच्या जोडावर खूण केली, रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय-रॉडचे आटे मोजून लिहिले. धातूच्या नळ्या आणि रॅकची बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, कारण ग्लायकॉल त्यात विरघळतो, आणि हवेने कोरडी केली. रॅकचा दांडा नखाने तपासला. नख अडकलं असतं तर नवं सील आठवड्यात कापलं गेलं असतं, मग दांडाच बदलावा लागतो. इथे दोन पुसट डाग होते, ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने गेले. नवं सील दांड्याच्या दातांवरून सरकवताना दातांवर पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी लागते. ती न लावता बसवलेली सील त्याच दिवशी गळताना मी पाहिली आहेत.

मूळ गळती पंप खोलताना सापडली. प्रेशर पाइपच्या बँजो बोल्टखाली (हा पाइप पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन वॉशर असतात. त्यातल्या एकावर केसाएवढा ओरखडा होता, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. वॉशर आधी एकदा दाबून चपटा झालेला, तोच पुन्हा वापरलेला. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की या लाइनमध्ये ७० बारच्या पुढे दाब जातो, तेव्हाच तिथून तेल सुटायचं. गाडी उभी असताना तो सांधा कोरडा. तांबं काही ब्रेक ऑइलने फुगत नाही, तेव्हा ते पंधरा दिवस थेंब पडला नाही तो बहुधा योगायोग. ते तेल ब्रॅकेटवरून ओघळून, वाऱ्याने मागे सरकून रॅकवर थेंब धरायचं, म्हणून सगळे रॅककडे बोट दाखवत राहिले. इंजिन धुऊन, सुकवून, सांध्यांवर टाल्कम पावडर मारून, कुणाला तरी स्टेअरिंग लॉकपर्यंत, म्हणजे पार टोकाला, वळवायला लावलं असतं, तर पावडरीवरचा ओला डाग पाच मिनिटांत दिसला असता. मला त्या वॉशरचं फार वाईट वाटलं. एवढ्याशा तांब्यापायी अख्खी सिस्टिम गेली.

जोडणी झाल्यावर पुढची चाकं उचलली, रिटर्न पाइप बाटलीत सोडला, टाकीचं ते तोंड बंद केलं. इग्निशन कॉइल काढून थोडं थोडं क्रँक करत दोन लिटर ताजं एटीएफ आरपार काढलं. पाइप लावून, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग वीस वेळा या टोकाहून त्या टोकाला फिरवलं, पातळी भरत राहिलो. मग इंजिन चालू करून तेच सावकाश. लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवलं. शेवटी व्हील अलाइनमेंट.

काका गौरी-गणपतींचं विसर्जन करून आले. परत निघण्याआधी टाकीतले चार थेंब पुन्हा पाण्यात सोडून त्यांना दाखवले, चारही वर तरंगत राहिले. बँजोवर पावडर मारून गाडी मुंबईला पाठवली आणि तीन आठवड्यांनी तिथला फोटो मागवला. पावडर पांढरी होती.