आरोपीची केस घेता, मग त्या बाईला 'तसले' प्रश्नही विचारता का?

मी सोलापुरात फौजदारी वकिली करते हे कळलं, की लग्नाकार्यात बायका हमखास विचारतात, "बलात्काराच्या आरोपीचं वकीलपत्र घेता? मग त्या फिर्यादी बाईला तसले प्रश्नही विचारता?" पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. वकील मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. तिची अब्रू काढणं त्यात येत नाही.

कायद्यानंही ते कधीच बंद केलंय. फिर्यादी बाई अनैतिक चालीची आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची सोय जुन्या पुरावा कायद्यात होती. ती 2002 च्या दुरुस्तीनं गेली. संमतीचा वाद असेल तर तिचे पूर्वीचे संबंध गैरलागू, हे 2013 पासून. आता जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम 48 मध्ये तेच आहे.

म्हणून आता चारित्र्याचं नाव न घेता विचारतात. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलीस तर परतायला एवढा उशीर कसा? ओरडली का नाहीस? शेजारी धावून आले कसे नाहीत? (सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग सुरू असताना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.) मग उलटतपासात ओळ उमटते : 'हे म्हणणे खरे नाही की माझे अमक्याशी संबंध होते.' वकिलानं सुचवलेली आणि तिनं नाकारलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. पण ती ओळ कागदावर राहते, आणि ती घालण्यासाठीच तो प्रश्न असतो.

विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातलं 1972 चं मथुरा प्रकरण आठवा. मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती. या तर्कानं सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला.

मला जास्त भीती गोड वाटणाऱ्या समजाची वाटते. भारतीय बाई अब्रू पणाला लावून खोटं सांगणार नाही, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्येच एका निकालात म्हटलं. तिच्या बाजूचंच की! पण मग जी दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर गेली, ती 'तशी' भारतीय बाई नाही, असं म्हणायला जागा झाली. 2020 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशात आलंच : अत्याचारानंतर झोप लागणं भारतीय स्त्रीला शोभत नाही. ते वाक्य नंतर वगळावं लागलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा समजांवर न्यायाधीशांसाठी पुस्तिकाच काढली.

खोट्या केसेस नसतात का? असतात, आणि मी त्या लढते. फिर्याद आणि साक्षीतली तफावत, मोबाइलचं लोकेशन, ओळख पटवण्यातला घोळ, यांवर केस पडते. तिच्या ड्रेसवर पडत नाही.

हे ऐकून काही अशील फाइल उचलून दुसरीकडे जातात. त्यांना हवा तसा वकील बार रूममध्ये मिळतोही.