हक्क शिकवले की पोरं डोक्यावर बसतात का?

सोलापुरात आठवी ते दहावीला नागरिकशास्त्र शिकवणारे आणि पोरांचे आईवडील एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: हक्क सांगितले की पोरं ऐकत नाहीत, मग आधी कर्तव्यं पक्की करून घेतली आणि हक्क नंतर सांगितले तर? तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं, तर तसं नका करू. तो क्रम लावला की हक्क म्हणजे शहाण्या मुलाचं बक्षीस, असं डोक्यात बसतं. वर्गातल्या सगळ्यात वांड पोरालाही मार न खाण्याचा हक्क आहेच. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत मारायला बंदी घालणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 त्याची वागणूक विचारत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 30 कलमं आहेत आणि समाजाप्रती कर्तव्यांचं कलम 29वं आहे. आपल्या घटनेत तर मूलभूत कर्तव्यं सुरुवातीला नव्हतीच. 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, 42व्या दुरुस्तीने दहा आली. अकरावं 2002 मध्ये. दहावीच्या पोरांना हे लपवू नका. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज सायकल नेणाऱ्यांना सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, ठाऊक असतो, हक्क गोठवणं म्हणजे काय ते त्यांना पटकन कळतं.

अकरा कर्तव्यं पाठ करून घेण्याऐवजी ‘जबाबदारी’ हा शब्दच फोडा. कानडी घरातलं पोरगं ‘जवाब्दारी’ म्हणतं, म्हणजे शब्द तोच. त्यात जबाब आहे. मग प्रश्न एकच: जबाब कोणाला द्यायचा? समोर माणूस दिसत नसेल तर ती जबाबदारी नाही, भिंतीवरचं घोषवाक्य आहे.

याला सोलापुरात पाण्याइतका चांगला धडा नाही. काही दिवसांआड नळाला पाणी येतं, त्या दिवशी सगळी गल्ली जागी असते. एकाच गल्लीतल्या चार-पाच मुलांचा गट करा. पंधरा लिटरची एकच घागर घ्यायची, पाणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी पहिल्या घरच्या नळाखाली धरायची आणि भरायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजायचं. मग लगेच शेवटच्या घरी तेच. थेट नळाला लावलेल्या किती मोटरी ऐकू येतात तेही लिहायचं. घरमालकाचं नाव मात्र लिहायचं नाही, नाहीतर धडा राहतो बाजूला आणि गल्लीत भांडण लागतं. मोटरीला हात लावायचा नाही, हे दोनदा सांगा. ओल्या फरशीवर सैल वायरी असतात.

दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर तीन रकाने पाडा: पालिकेचं, मोठ्यांचं, माझं. तिसऱ्या रकान्याला एक अट: पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत चौदा वर्षांच्या पोराला पैसे न लागता जमेल तेवढंच. ‘मी पाण्याची बचत करीन’ हे पहिलं वाक्य हमखास येतं. कोणाला जबाब देणार, असं विचारा आणि पुसून टाका. ‘आमची भांडी भरली की मोटर बंद करायला घरात सांगीन आणि शेवटच्या घरी हाक मारीन’ हे ठेवा. तिथे माणूस आहे.

बहुतेकांची चूक इथेच होते: ‘माझं’ भरता भरता ‘पालिकेचं’ कोरं राहतं. पाणी इतक्या दिवसांनी येतं ते काही पोरांनी नळ उघडा ठेवला म्हणून नाही. म्हणून मोजलेले सेकंद, तारीख आणि गल्ली लिहून पालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज करायचा, मोठ्यांच्या सहीने. दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. ज्याच्याकडे काम आहे त्याला जबाब मागणं, हेही तिसऱ्या रकान्यातच येतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2010 मध्ये पाणी हा मानवी हक्क मानला, हे अर्ज लिहिताना सांगा. आधी सांगितलं तर पोरं जांभया देतात.

‘जबाब कोणाला?’ हीच चाळणी बाकीच्या विषयांना लागते. मिरवणुकीतला डीजे घ्या: रात्री 10 ते सकाळी 6 बंदी, दवाखाना, शाळा, कोर्टापासून 100 मीटर शांतता क्षेत्र. मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं, दोन जागांची तुलना करण्यापुरतं चालतं. सणाच्या आठवड्यात मात्र हा विषय काढू नका. ‘आमच्याच मंडळाचं का घेता’ सुरू झालं की तास गेला.

वर्गमित्राचा फोटो स्टिकर करून ग्रुपवर टाकला, तर जबाब त्या मित्राला. ‘चेष्टा केली बे’ हे उत्तर त्यानेच मान्य करायचं, ग्रुपने नाही. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं, तो निकाल इथे कामी येतो.

‘मोठ्यांचं’ रकान्यात एखादी मुलगी ‘बाबांनी मोटर काढावी’ लिहीलच. तिला ते घरी जाऊन बोलायला लावू नका, बोलणी तिलाच बसतील. नुसते आकडे वहीत लिहून घरी न्यायला सांगा: पहिलं घर इतके सेकंद, शेवटचं इतके, मोटरी इतक्या.