काळ्या रानात गवत कशाला?

"दादा, असलं काळंभोर रान, अन् त्यात गवत कशाला लावलाव?" पाहुणा असो, सोयरा असो, नाहीतर बांधाला बांध असलेला शेजारी, हा प्रश्न चुकत नाही. विचारण्यात थोडी काळजी असते, थोडी कीवही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण बांधावर उभ्या उभ्या दिलेलं उत्तर आजवर कुणाला पटलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढू. ते रान पड टाकलेलं नाही आणि ते कायमचं कुरणही नाही. शेताचे चार तुकडे केलेत. त्यातल्या एकात तीन वर्षं मारवेल गवत राहतं. मग ते नांगरून तिथं पुन्हा उडीद, तूर, सोयाबीन, ज्वारी येते आणि गवत शेजारच्या तुकड्यात जातं. बाकी पिकं हंगामाला उठतात, हे तीन वर्षं मुक्काम ठोकतं, एवढाच फरक.

आमच्या उदगीरकडं पूर्वी एका वावरात ज्वारी, तूर, मूग, करडई, जवस असं काही ना काही पालटत असायचं. दावणीला बैल होते, त्यामुळं शेणखत पडायचं. आता खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, पुढच्या साली पुन्हा तेच. दोन्ही पिकं उपटून किंवा बुडातून कापून नेतो, भुसकट विकतो नाहीतर पेटवतो, आणि वर रोटाव्हेटरनं जमिनीचं पीठ करून ठेवतो. मग मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की वरचा थर लिंपल्यासारखा बसतो. पाणी मुरत नाही, ओढ्याला जातं, जाताना माती घेऊन जातं. ओढ्याचं पाणी काळं दिसलं की समजायचं, कुणाचं तरी रान चाललंय.

पटत नसेल तर एक गोष्ट करून बघा. सततच्या सोयाबीनच्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ घ्या, सुपारीएवढं. तेवढंच दुसरं गवताच्या रानातलं किंवा न मोडलेल्या जुन्या बांधावरचं घ्या. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरून एकेक हळूच सोडा. सोयाबीनच्या रानातलं ढेकूळ बुडबुडे सोडत बघता बघता विरघळतं, तळाशी गाळ बसतो आणि पाणी गढूळ होतं. गवताखालचं ढेकूळ तसंच राहतं. काठ थोडे झडतात, पण आत केसासारख्या मुळ्या दिसतात आणि त्यांनी कण धरून ठेवलेले असतात. पाऊस रानात जे करतो, तेच ग्लासात दिसतं. माझ्या घरी येणाऱ्याला चहाच्या आधी हे बघावं लागतं, ही बायकोची तक्रार खरी आहे.

ही करामत वरच्या पाल्याची नाही, मुळांची आहे. तीन वर्षं औत बंद असतं. मुळ्या मरतात, नव्या फुटतात, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म जीव आणि बुरशी मातीचे कण चिकटवत राहतात. इंग्लंडात वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर १९३८ पासून हाच पालट अभ्यासतात : काही तुकड्यांत तीन वर्षं गवत, मग दोन वर्षं पिकं. तिथं दिसलं ते असं की गवतानं सेंद्रिय अंश वाढतो, पण फार हळू, आणि नांगर लागला की तो पुन्हा झिजू लागतो. त्यांची जमीन रेताड, हवा थंड. आपली काळी जमीन आणि वैशाखातलं ऊन, इथं झीज जास्तच. म्हणून त्यांचे आकडे इकडं आणायचे नाहीत, दिशा तेवढी घ्यायची. एकदा गवत लावलं आणि जमीन जन्माची सुधारली, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जुन्या माणसांची भीती वेगळी असते : गवत शिरलं की निघत नाही. ती भीती कुंद्यानं आणि हराळीनं शिकवलेली आहे, आणि ती रास्त आहे. कुंदा काढायला माणसं लावून कुदळीनं रान खांदावं लागायचं. मारवेल तसलं नाही. हिवाळ्यात शेवटची कापणी घ्यायची आणि उन्हाळी खोल नांगरट करायची. ठोंब उलटे पडून मे महिन्याच्या उन्हात वाळतात. राहिलेलं पहिल्या पावसानंतर वखराच्या पाळीला येतं. नांगरटीनंतर पहिलं पीक मात्र ज्वारीचं घेऊ नका. कुजणाऱ्या मुळ्या आधी जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि ज्वारी पिवळी पडते. उडीद, तूर, सोयाबीन आपला नत्र आपण बघतात. ज्वारीचा मान दुसऱ्या वर्षी.

गवतात मी गोकर्णाचा वेल सोडलाय. स्टायलो ही गवतात मिसळायची दुसरी शेंगवर्गीय वैरण हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत चांगली, भारी काळ्या रानात गोकर्ण सरस. नत्रही देतो आणि वैरणीला कसही आणतो. निळी फुलं आई देवाला नेते, तो हिशोब वेगळा.

वैरणीचं सांगायचं तर २०१३, २०१६, २०१९ ही सालं आठवा. छावण्यांत जनावरं बांधून माणसं तिथंच झोपत होती. ज्वारी कमी झाली तसा कडबा महागला, आणि आपण देवणी जातीची गाय सांभाळायच्या गप्पा मारतो. मारवेल पाऊस लांबला तर करपतं, पण मरत नाही. एक सर आली की फुटतं. कापायचं ते फुलोऱ्यात. बी धरल्यावर नुसत्या काड्या उरतात, जनावर तोंड फिरवतं. आणि पावसाळ्यात गुरं आत सोडायची नाहीत. ओल्या काळ्या मातीत खूर बसले की मुळ्यांनी केलेलं सगळं दाबून जातं. कापून दावणीला टाकायचं.

आता वाईट बाजू. पहिल्या पावसाळ्यात खुरपणीचा खर्च सोयाबीनइतकाच येतो आणि हातात वैरण थोडी. पीक विम्यात गवत बसत नाही. शिमग्याच्या सुमाराला वाळलेलं रान म्हणजे आगीला आमंत्रण, शेजाऱ्यानं बांध पेटवला की आपली झोप उडते. बटईनं करणाऱ्याला तर हा मार्गच बंद : तीन वर्षांचा भरवसा कोणता मालक देतो? ज्याच्या दावणीला जनावर नाही आणि जवळपास वैरणीला गिऱ्हाईक नाही, त्यानं या भानगडीत पडू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

"मग सोयाबीनचं नुकसान?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कितीतरी जणांनी त्याच्या खाली माल घातला. चौथा हिस्सा बाजूला ठेवून त्या भावात फार मोठी इस्टेट बुडत नाही. ज्या तुकड्यात आधी गवत घालायचं तो उताराचा, कमी पिकणारा निवडा. चांगला तुकडा पहिल्या फेरीत मोडू नका.

ठोंब हवे असतील तर पाऊस लागल्यावर पोतं घेऊन या. पैसे घेत नाही. येताना तुमच्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणा.