बावन्न की एकेचाळीस?

माझी प्रयोगवही अजून माझ्याकडे आहे. कव्हर कधीच सुटलंय, पण स्प्रिंगच्या प्रयोगाचं पान शाबूत आहे. त्यावर 'कमाल वेग : सेकंदाला ५२ सेंटीमीटर' असं मी ऐटीत चौकट आखून लिहिलंय आणि चौकटीवरून बाईंच्या लाल शाईची तिरकी रेघ गेलीय. खाली सही नाही. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत स्नेहसंमेलन आणि सहलींबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. मी या पानाबद्दल लिहितो.

स्टँडला टांगलेली स्प्रिंग आणि तिच्या हुकाला २०० ग्रॅमचं वजन. वजन अडकवलं की स्प्रिंग ५ सेंटीमीटर लांबायची आणि तिथे स्थिरावायची. तिथून आणखी ३ सेंटीमीटर खाली ओढून सोडून द्यायचं. वर-खाली होताना वजनाचा जास्तीत जास्त वेग किती, एवढंच काढायचं होतं.

पण तो वेग येतो कुठे, हे बाईंनी आधी विचारलं. निम्म्याहून अधिक हात 'तळाशी'ला वर झाले, त्यात माझाही होता. खाली येणारी वस्तू शेवटी सगळ्यांत जोरात असते हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. वजनावर पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, "नुसतं बघा." दोन्ही टोकांना पट्टी क्षणभर ठसठशीत दिसायची, अगदी वेडीवाकडी कापलेली कडसुद्धा. मधे नुसता पांढरा फराटा. वजन मध्याच्या वर असो की खाली, बल त्याला मध्याकडेच ओढतं; म्हणून मध्य गाठेपर्यंत वेग वाढतो आणि मध्य ओलांडला की तेच बल मागे खेचायला लागतं. हे नंतर फळ्यावर आलं. फराटा आधी.

वेळ मोजतानाही तोच फराटा कामी आला. मी टोकापासून मोजत होतो, कारण तिथे वजन थांबतं. बाईंनी मध्यावर खूण करायला लावली. टोकाला ते इतकं रेंगाळतं की बटण नेमकं कधी दाबावं कळत नाही. मध्यावरून ते झपकन जातं, तिथे गफलतीला जागा कमी. शिवाय पहिल्या वेळी 'शून्य' म्हणायचं, 'एक' नव्हे. (मी 'एक' म्हणत होतो आणि १९ आंदोलनांना २० समजत होतो.) अखेर २० आंदोलनांना ९.२ सेकंद लागले, म्हणजे आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) ०.४६ सेकंद.

मग माझी हुशारी. एका आंदोलनात वजन चार वेळा ३, म्हणजे १२ सेंटीमीटर चालतं. भागिले ०.४६, सरासरी साधारण २६. शून्यापासून वाढत जाणाऱ्या वेगाची सरासरी कमाल वेगाच्या निम्मी असते, म्हणून दुप्पट करून ५२. चौकट!

"बल सारखं आहे का रे?" एवढंच बाईंनी विचारलं.

नव्हतं. 'जेवढा ताण, तेवढं बल' हा हुकचा नियम मीच वहीत उतरवला होता. (रॉबर्ट हुकने तो १६७६ साली १४ अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ साली उलगडून दाखवला. हा किस्सा मात्र मला तोंडपाठ होता.) टोकाला बल जास्त, त्यामुळे वेग आधी भराभर वाढतो. मध्याजवळ बल संपत येतं, तसा वाढीचा जोरही ओसरतो. म्हणजे सरासरी निम्म्याहून वरच राहते आणि कमाल वेग दुपटीहून कमी. नेमका सरासरीच्या 'पाय'च्या (π) निम्मेपट, १.५७ पट. आकडा ४१ वर आला.

बाईंना तोच दुसऱ्या वाटेनं हवा होता. टोकाला सगळी ऊर्जा स्थितिज, मध्यावर सगळी गतिज. दोन्ही सारख्या मांडल्या की कमाल वेग म्हणजे आयाम (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर, इथे ३) गुणिले एक वर्गमूळ; ते वर्गमूळ बलस्थिरांक (स्प्रिंग एक सेंटीमीटर ताणायला लागणारं बल) भागिले वस्तुमान याचं. "आणि गुरुत्वाकर्षण?" शेजारच्याने विचारलं. चांगला प्रश्न होता, मला सुचला नव्हता. गुरुत्वाकर्षणाने स्प्रिंग ५ सेंटीमीटर ताणून आपला वाटा आधीच वसूल केलेला असतो. नव्या मध्यापासून मोजलं की ते हिशेबात वेगळं धरायला नको. उलट त्या ५ सेंटीमीटरमुळे वजन तोलायचीही गरज उरत नाही, कारण बलस्थिरांक भागिले वस्तुमान म्हणजेच गुरुत्वीय त्वरण भागिले तो ताण : ९८० भागिले ५ म्हणजे १९६, वर्गमूळ १४, गुणिले ३ म्हणजे ४२. इतकं सुटसुटीत गणित मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

या आनंदात मी वजन ६ सेंटीमीटर ओढून सोडलं. मुळात ताणच ५ चा. वर जाताना स्प्रिंग पूर्ण मिटली, वजन हुकातून उडालं आणि टेबलावर दणकन आपटलं. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत.

राहिला ४१ आणि ४२ मधला फरक. मी 'प्रायोगिक चूक' लिहून मोकळा होत होतो. बाईंनी स्प्रिंग काढून तराजूत टाकली : ३० ग्रॅम. हलत तीही असते ना! पण सगळी सारखी नाही. स्टँडजवळची वेटोळी जवळपास जागची हलत नाहीत, हुकाजवळची वजनाच्याच वेगाने जातात. सगळ्यांची गतिज ऊर्जा मिळवली की स्प्रिंगचं एक तृतीयांश वस्तुमान धरावं लागतं. बलस्थिरांक तोच ठेवून मूळ सूत्रात २०० ऐवजी २१० ग्रॅम घातले आणि ४२ चे ४१ झाले.

सही त्या दिवशी पुढच्या पानावर मिळाली. बावन्नचं पान तसंच आहे.